‘सर्व्हे झालाय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

मुळशी, मावळ, हवेलीत जागा बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "काळजी करू नका साहेब, सर्व्हे झालेलाय." मान डोलवण्याआधी विचारावं, कुठला? तलाठी बांधावर उभा राहून पीक बघून गेला तरी लोक सर्व्हे म्हणतात. एजंटाने ड्रोन उडवून व्हिडिओ काढला तरी सर्व्हे. खासगी सर्व्हेअरने टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) लावून तारेच्या कुंपणाचे कोपरे घेतले तरी सर्व्हे, आणि भूमि अभिलेख खात्याच्या भूकरमापकाने, म्हणजे सरकारी मोजणीदाराने, जुनं टिपण (मूळ मोजणीची मापं लिहिलेली आकृती) जागेवर बसवून हद्द दाखवली तरी सर्व्हेच. चारही कामं आपापल्या जागी उपयोगाची आहेत. पण शेजाऱ्याशी हद्दीवरून वाजलं, तर वजन पडतं ते चौथ्या कामाचं.

कारण साधं आहे. यंत्राला अंतर कळतं, हद्द कळत नाही. प्रिझम (यंत्राचा किरण परतवणारी काच) जिथे धराल तिथला बिंदू ते मिलिमीटरमध्ये सांगेल. प्रिझम कुठे धरायचा, हा प्रश्न मात्र कागद वाचून आणि रान नीट बघूनच सुटतो. मोजणीतलं अर्धंअधिक काम हे बघण्याचं आहे, आणि चुका होतात त्याही बहुतेक तिथेच.

आधी सातबारा. हा मुळात पाहणीचा कागद. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाच्या नावावर, किती, कुठल्या भोगवट्याची, आणि नमुना 12 मध्ये तिच्यावर काय पिकलं. बाराची नोंद पूर्वी तलाठी करायचा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणीतून करतो. या कागदावर क्षेत्र आहे, जागेची आकृती नाही. तुमचे 20 आर गटाच्या रस्त्याकडच्या टोकाला आहेत की ओढ्याकडच्या, हे सातबारा सांगत नाही. गटात सहा जणांची नावं एकत्र असतील आणि पोटहिस्से पडलेले नसतील, तर ‘माझ्या 20 आरांची हद्द दाखवा’ या अर्जाला काही अर्थ राहत नाही. आधी सगळ्या सहधारकांची संमती, नाहीतर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे वाटप, आणि मग पोटहिस्सा मोजणी. पुण्याच्या कडेने गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेलेल्या जागांच्या बऱ्याच कटकटी या एका ठिकाणी सुरू होतात.

क्षेत्र वाचतानाही घसरायला होतं. 0.40.00 म्हणजे 40 आर, 0.04.00 म्हणजे 4 आर. 1 गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, 1076.39 चौरस फूट. बोलताना दोन्हींना गुंठाच म्हणतात. सौदा 11 गुंठ्यांचा आणि खरेदीखतात 11 आर, असं झालं तर सुमारे 139 चौरस फूट हवेत गेले, म्हणजे पुण्यात एक बऱ्यापैकी खोली. आणि मोजणीनंतर आलेलं क्षेत्र ताडून बघताना पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) धरून जे एकूण क्षेत्र होतं तेच घ्यायचं. नुसतं लागवडीयोग्य क्षेत्र धरलं की जमीन ‘जास्त भरली’ असं वाटतं आणि उगाच भांडण लागतं.

साखळी आणि कुदळ

शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा औरसचौरस बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर असं माप होतं. आज आपल्या हातात जे कागद पडतात त्यांची वंशावळ मात्र कंपनी सरकारच्या काळात सुरू होते, आणि तीही पुणे जिल्ह्यातच. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने 1827-28 मध्ये इथे मोठी मोजणी आणि आकारणी हाती घेतली. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याच्या प्रमाणात सारा बसवायचा, असा हिशेब. कागदावर तो फार नेटका दिसत होता. रयतेला सारा झेपला नाही. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी 1835-36 मध्ये इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली, दर तीस वर्षांसाठी बांधून दिले आणि 1847 च्या जॉइंट रिपोर्टमध्ये (संयुक्त अहवालात) पद्धत पक्की झाली.

या पद्धतीचे दोन भाग होते: मोजणी आणि प्रतबंदी (जमिनीची प्रत ठरवणं). मोजणीवाला साखळी ओढायचा, प्रतबंदीवाला माती उकरून बघायचा. बारीक, एकजिनसी काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर ती 16 आणे प्रतीची. तीच माती एक हात खोल असेल तर 10 आणे, अर्धाच हात असेल तर 6. तांबूस आणि हलकी, मग मुरमाड, असे त्याखालचे प्रकार. शिवाय दोष बघायचे: चुनखडीचे खडे आहेत का, रेती मिसळलीय का, उतार आहे का, पाणी मुरतंय की वर साचतंय, पावसाळ्यात लोंढा वरून जातो का. एकेका दोषाला एकेक प्रत खाली. जमिनीचा आकार, म्हणजे सारा, या दोन्हींतून निघाला. सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जे रुपये-पैसे दिसतात आणि ज्यांच्याकडे आज कोणी बघतही नाही, त्यांच्या मुळाशी ती कुदळ आहे.

साखळी होती 33 फुटांची, तिचे 16 आणे. म्हणजे एक आणा 2 फूट पाऊण इंच. एक साखळी औरसचौरस म्हणजे बरोबर एक गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर, त्यामुळे गुणाकार सोपा पडायचा. पद्धतीचं नाव शंकू-साखळी: शेताच्या मधून एक लांब सरळ रेषा धरायची, तिच्यावर साखळी टाकत जायचं, आणि जिथे बांध वळतो तिथे शंकूने काटकोन साधून डावीउजवीकडे लंब मोजायचा. हे आकडे ज्या कच्च्या आकृतीवर लिहिले ते टिपण. त्या आकृतीचे त्रिकोण आणि समलंब चौकोन करून क्षेत्र काढलं ते गुणाकार बुकात. पुढे हिस्से पडले की फाळणी.

टिपण वाचताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे साखळी-आणे दशांशासारखे वाचणं. ‘6 साखळ्या 9 आणे’ हे 6.9 नव्हे. 6 गुणिले 33 म्हणजे 198, त्यात 9 आण्यांचे 18.56, एकूण 216.56 फूट, म्हणजे 66.01 मीटर. 6.9 धरलं तर 227.7 फूट येतात. एका बाजूला अकरा फुटांचा फरक, आणि तो शेजाऱ्याच्या अंगणात निघतो. संगणकावर आकडे भरताना ही चूक सहज होते, म्हणून मीटरमध्ये उतरवलेला तक्ता मिळाला तरी मूळ टिपणाची नक्कल मागावीच.

टिपणावर भर देण्याचं आणखी एक कारण आहे. गाव नकाशा कागदावर काढलेला असतो, आणि कागद आकसतो, तोही लांबीत वेगळा, रुंदीत वेगळा. टिपणावरचे आकडे आकसत नाहीत. नकाशा 1:10000 चा असेल तर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 5 मीटर जागा खाते. अशा नकाशावरून गुंठ्याच्या प्लॉटची हद्द काढायला बसणं व्यर्थ. ऑनलाइन भूनकाशा उपग्रहाच्या चित्रावर टाकून ‘शेजारी दहा फूट आत आलाय’ असं छातीठोकपणे सांगणारे हल्ली फार झालेत. त्या रेघा गट ओळखण्यापुरत्या ठीक आहेत. कुंपण घालायला नाहीत.

अर्थात टिपणही पवित्र नाही. साखळीच्या कड्या वापराने उघडतात आणि साखळी लांबते. 33 फुटांत 2 इंच वाढले तर लांबीत अर्धा टक्का आणि क्षेत्रात एक टक्का कमी नोंदला जातो, एकरामागे चक्क 0.4 गुंठा. साखळी सैल धरली किंवा झुडपाला वळसा घालून नेली तर उलट, क्षेत्र जास्त. म्हणून आजची मोजणी जुन्या क्षेत्राशी तंतोतंत जुळली नाही, तर तेवढ्यावरून कोणी जमीन ढापली असं ठरत नाही.

रान वाचणं

सरकारी मोजणीचा अर्ज आता ई-मोजणीवर होतो. अर्जातच प्रकार निवडायचा असतो: हद्द कायम, पोटहिस्सा, बिनशेती, कोर्ट वाटप वगैरे, आणि नियमित की द्रुतगती, तेही. प्रकार चुकला की नकाशा हातात येतो पण कामाचा राहत नाही. लगतधारकांची नावं आणि पत्ते नीट भरावेत. ज्याला नोटीस मिळाली नाही तो शेजारी नंतर निमताना (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागायला मोकळा असतो, आणि मोजणीच्या दिवशी तो हजर नसेल तर त्याच्या बाजूची जुनी खूण दाखवणाराही कोणी नसतो.

तारीख रब्बी निघाल्यावरची मिळाली तर उत्तम. इंदापूर-बारामतीकडे उभ्या उसात मोजणी होत नाही. दोन कोपरे एकमेकांना दिसतच नाहीत. मुळशी, भोर, मावळात भात कापून झालं की खाचरांच्या ताली स्वच्छ दिसतात. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रायपॉडचे पाय रुततात आणि तासाभरात यंत्राचा बबल सरकलेला असतो. मजूर, झेंड्या, चुना, खुणेचे दगड ही सोय अर्जदाराने करायची असते. बांधावरची घाणेरी आणि निवडुंग आदल्या दिवशी काढून ठेवावं.

चांगला भूकरमापक आल्या आल्या तुमचे कोपरे मोजायला लागत नाही. तो आधी फिरतो. तुमचा गट सोडून आजूबाजूचे चार-पाच नंबरही बघतो. जुने बांध, हद्दीचे दगड, विहीर, देऊळ, गावची शीव, तीन गटांचा सांधा, जे जे नकाशात आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडेल ते घेतो. मग त्यावर जुना अभिलेख बसवून बघतो. निदान तीन बिंदू जुळावे लागतात, तेही एकमेकांपासून लांबचे, गटाला चहूबाजूंनी वेढणारे. जवळजवळचे तीन बिंदू जुळले आणि नकाशा दोनशे मीटर पलीकडे खेचला, तर जवळची फूटभर चूक तिकडे कैक पटींनी वाढते.

कुठल्या खुणेवर किती विश्वास ठेवायचा, हा या कामाचा गाभा. विहीर हलत नाही, पण नवी बांधताना शेजारी सरकवलेली असू शकते. ओढा पात्र बदलतो. रस्ता रुंद होताना बहुधा एकाच बाजूने रुंद होतो, म्हणून आजच्या रस्त्याचा मध्य हा नकाशातल्या रस्त्याचा मध्य धरू नये. दगड हलवता येतो. आणि बांध तर दरवर्षी नांगराच्या फाळाने थोडाथोडा कोरला जातो. 100 मीटर लांबीचा बांध हातभर, समजा 30 सेंटीमीटर सरकला, तर 30 चौरस मीटर गेले. एकाच कोपऱ्याचा दगड खरा मानून तिथून सगळी मापं टाकणं ही मोजणीतली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात घातक वाट. तो दगड चुकीचा असेल तर अख्खा गट एका बाजूला सरकतो, क्षेत्र मात्र बरोबर येतं, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

यंत्रं कुठे फसतात

टोटल स्टेशन असो की रोव्हर (उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा ठरवणारं यंत्र), यंत्राची स्वतःची चूक फार थोडी असते. माणसाच्या सवयी फसवतात. प्रिझम बदलला आणि त्याचा कॉन्स्टंट (प्रिझमनुसार अंतरात करायची ठरलेली दुरुस्ती) यंत्रात बदलला नाही, तर प्रत्येक अंतरात तीन-चार सेंटीमीटर सरसकट वाढतात किंवा घटतात. 2 मीटरचा पोल एक अंशाने कलला की टोक साडेतीन सेंटीमीटर बाजूला जातं. पोलवरचा बबल बघणं हे मदतनिसाचं खरं काम आहे. दर तासाभराने बॅकसाइट (आधीच्या माहीत बिंदूवरचं वाचन) पुन्हा घ्यावा, आणि शेवटी पहिल्या बिंदूवर परत येऊन फरक किती पडतो ते लिहून ठेवावं. जो सर्व्हेअर हा फरक दाखवत नाही, त्याला तो विचारावा.

रोव्हर मोकळ्या रानात एक-दोन सेंटीमीटरपर्यंत जातो. कसबा, बुधवार पेठेच्या बोळात किंवा बाणेरच्या टॉवरखाली तोच रोव्हर भिंतीवरून परतलेले सिग्नल धरून फुटाफुटाने भरकटतो, आणि स्क्रीनवर ‘फिक्स’ (जागा पक्की) दाखवत राहतो. तिथे मोकळ्या जागेत दोन-तीन पक्के बिंदू रोव्हरने घ्यावेत आणि आत टोटल स्टेशनने शिरावं. मोबाइलच्या जीपीएसची चूक उघड्यावरही तीन-पाच मीटर असते. गुंठ्याची बाजूच 10.06 मीटर, तेव्हा त्या ॲपने प्लॉट मोजणं सोडून द्यावं.

टेप वापरत असाल तर उताराचं ध्यानात ठेवा. अभिलेखातलं क्षेत्र हे सपाटीवरचं असतं. 20 अंशांच्या उतारावर 30 मीटर टेप टाकला तर सपाटीवर ते 28.19 मीटरच भरतात. मुळशीच्या डोंगरउतारावर टेपने ‘11 गुंठे पूर्ण’ भरवून देणारा विकणारा तुम्हाला सहा टक्के हवा विकत असतो, कधी कधी स्वतःच्याही नकळत.

खासगी सर्व्हेच्या नकाशावर यूटीएम या जागतिक नकाशा-जाळ्याचे (ग्रिडचे) निर्देशांक असतील तर पुण्यासाठी झोन 43 लिहिलेला आहे का ते बघा. आणखी एक बारकावा: ग्रिडवरचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा पुण्याच्या आसपास किलोमीटरमागे साधारण 30 सेंटीमीटर कमी येतं. शंभर मीटरच्या प्लॉटला तीन सेंटीमीटर, चालून जातं. मोठ्या ले-आउटला किंवा रस्त्याच्या कामाला हे दुरुस्त केलं नाही तर कंत्राटदाराचा टेप आणि नकाशा कधीच जुळत नाहीत.

गावठाणाची गोष्ट वेगळी. तिथे सातबारा नसतो, आणि ज्या गावठाणात भूमापन झालेलं नाही तिथे मालमत्ता पत्रकही (प्रॉपर्टी कार्ड) नसतं. ड्रोनने गावठाण मोजण्याचा राज्यातला पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकाने आपल्या जागेच्या कडेने चुन्याची फक्की मारायची असते, कारण वरून ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत नाही. पत्रा भिंतीबाहेर दीड-दोन फूट आलेला असतो. फक्की मारली नाही तर पागोळीची रेघच हद्द म्हणून उतरण्याचा धोका, आणि दोन घरांचे पत्रे एकमेकांवर आले असतील तर मधला बोळच चित्रातून गायब होतो. म्हणून नंतरची जागेवरची पडताळणी टाळू नये, घरात जाणता माणूस हजर ठेवावा.

शहरात पत्ते अजून याच कागदांच्या भाषेत बोलतात. पेठांत सिटी सर्व्हे नंबर, कोथरूड-धनकवडीच्या पाट्यांवर ‘स. नं. अमुक, हिस्सा तमुक’, भांबुर्ड्याकडे (आजचं शिवाजीनगर) नगररचना योजनेतले फायनल प्लॉट. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, पण हद्दीत आली म्हणून सातबाऱ्याचं आपोआप मालमत्ता पत्रक होत नाही. त्यासाठी नगर भूमापन व्हावं लागतं. ‘आता कॉर्पोरेशनमध्ये आलंय, मोजणीची गरज नाही’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला मोजणीच नको असते.

मोजणी संपली की नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तिच्यावर मोजणी रजिस्टर नंबर, तारीख, परिमाण, उत्तर दिशा, लगतचे नंबर बघाच. पण मुख्य बघायचं ते हे की अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट या दोन रेघा वेगळ्या दाखवल्यात का, आणि त्यांच्यामधल्या तुकड्याचं क्षेत्र लिहिलंय का. रेघ एकच असेल तर तुमची मोजणी झाली आहे की नुसती वहिवाट उतरवली आहे, हे विचारून घ्या. मोजणी अतिक्रमण दाखवते, काढत नाही. शेजारी राजीखुशीने सरकला नाही तर त्यासाठी दिवाणी न्यायालय. मोजणीच मान्य नसेल तर निमतान्याचा अर्ज करता येतो, आणि त्यात ‘चुकीची मोजणी झाली’ एवढंच लिहून भागत नाही. कुठली खूण धरली, कुठली सोडली, टिपणातलं कुठलं माप जमिनीवर जुळत नाही, ते आकड्यांत मांडावं.

खुणांचे दगड त्याच दिवशी, शेजाऱ्यांसमोर रोवून घ्यावेत. अडीच-तीन फूट लांबीचा दगड, त्यातला दोन तृतीयांश जमिनीत, आणि तळाशी पाटीभर कोळसा. कोळसा कुजत नाही. दगड उपटून नेला तरी खड्ड्याची जागा उकरून सापडते. चुन्याच्या रेघेवर मात्र विसंबू नये, ती पहिल्या वळवाला जाते.